नदी लहान असताना

वहिनी,

तुम्ही गेल्यावर घरात पहिला वाद झाला तो सहलीवरून. जायचं की नाही. सहल तुम्हीच ठरवलेली होती. गणपतीत सगळे जमले होते, तेव्हा पाटावर मोदक वळता वळता तुम्ही जाहीर केलं होतंत की या ऑक्टोबरात सगळ्यांनी मिळून गाडीनं निघायचं, पालघरवरून मनोर, जव्हार आणि पुढं त्र्यंबक. मंदाची चिऊ आता चार वर्षांची झाली, तिला नदी दाखवायची. कुणी काही बोलायच्या आत तुम्ही विषय बंद केला होतात. आणि मग नवरात्र यायच्या आत तुम्हीच निघून गेलात.

वादात काय ठरलं ते शेवटी सांगतो. तुम्हीही गोष्ट अशीच सांगायचात, शेवट पदराला बांधून ठेवून.

या नदीचं मूळ माझ्या भूगोलाच्या पुस्तकात होतं, हे आता दादा आणि मी सोडून कुणाला ठाऊक नाही. तुम्ही उमरोळीहून या घरात आलात तेव्हा मी शाळेत होतो. तुमची शाळा चौथीत सुटलेली. संध्याकाळी बाजाराच्या मिरच्या निवडायला तुम्ही ओटीवर बसायचात आणि मला समोर बसवून म्हणायचात, "वाचा. मोठ्यानं वाचा. माझे हात गुंतलेत, कान मोकळे हायत." मी गुरासारखा ओरडून वाचायचो. आमच्या घरात त्याआधी कुणी दहावीपर्यंत गेलं नव्हतं. पुढं मी बी.ए. झालो, पालघरच्या शाळेत लागलो, त्याचं श्रेय लोक माझ्या हुशारीला देतात. मी हुशार नव्हतो, वहिनी. ओटीवर कुणीतरी मन लावून ऐकतंय, म्हणून मी वाचत राहिलो.

एकदा वाचता वाचता गोदावरी आली. त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरी डोंगरावर उगम पावते. तुमचे हात थांबले.

"उगम म्हंजे?"

"म्हणजे तिथं सुरू होते."

"सुरू होते तेवा केवढी असते?"

मी पुस्तकात पाहिलं. पुढच्या ओळीत लांबी होती, उपनद्या होत्या, काठची शहरं होती. सुरुवातीला केवढी असते ते नव्हतं.

"पुस्तकात नाही वहिनी."

"मग पुस्तकवाल्यानं काय बघितलं?" असं म्हणून तुम्ही पुन्हा मिरच्या निवडायला लागलात. पण थोड्या वेळानं स्वतःशीच बोललात, "नदी पण लहान असते तर."

मी ते विसरलो. तुम्ही नाही विसरलात. मंदा झाली, दिलीप झाला, बाळू झाला, आणि बाळू बोलायला लागल्यावर तुम्ही दादासमोर विषय काढलात. पोरं लहान आहेत तोवर त्यांना लहान असलेली नदी दाखवायची. दिवाळीच्या सुट्टीत. आपल्या मॅटॅडोरमधून.

दादा तेव्हा वाडीतली वांगी, केळी, मिरच्या मॅटॅडोरमधून बोईसरच्या बाजारात न्यायचा. तो जेवत होता, त्याला ठसका लागला. "दिवाळीत? भातकापणीत? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

त्याचंही खरं होतं. अणुवीज केंद्राच्या वसाहतीतली माणसं ऑक्टोबरात रजा काढून गावाला जायची, थंड हवेच्या ठिकाणी जायची. तुम्ही तिथं भाजी द्यायला जात होतात, तिथल्या बायकांकडून हे सगळं ऐकत होतात. पण आपल्याकडं पाऊस गेला की भात पिवळं होतं आणि घरातलं माणूस न् माणूस शेतात लागतं. शिवाय ऊन तापायला लागलं की वाडीला रोज पाणी. आपल्या गावात लग्नाला, मर्तिकाला, जत्रेलासुद्धा अख्खं घर कधी निघत नाही. कुणीतरी एक मागं राहतंच. तुमचा हट्ट नेमका तिथंच होता. कुणी मागं राहायचं नाही.

तुम्ही वाद घातला नाहीत. दोन दिवस विचार केलात आणि तिसऱ्या दिवशी दादाला म्हणालात, "भात कापून झालं की शेतात पसरून ठेवता ना सुकायला?"

"ठेवतो."

"ते सुकेपर्यंत माणसाचं काम काय?"

दादा भात कालवत राहिला.

"काय नाय. काम उन्हाचं. तेवढ्यात जाऊन येऊ. पाण्याचं मी शेजारी बोलून ठेवलंय, त्यांच्या लग्नात मी त्यांची वाडी शिंपलीय."

आमच्या पिढ्यान् पिढ्यांना जी फट दिसली नाही ती तुम्हाला दिसली. कापणी आणि बांधणी यांच्या मधली ती थोडीशी रिकामी जागा. दादा हात धुवायला उठला तेव्हा हसत होता, हे मी पाहिलं.

मग सुरू झाली तालीम. तुम्हाला भीती होती की पोरांना गाडी लागेल. बोईसरपर्यंत जाताना दिलीप दोनदा ओकायचा, हे तर घाटाचं काम. म्हणून रोज संध्याकाळी दादा बाजारातून आला की अंगणातल्या उभ्या मॅटॅडोरमध्ये तुम्ही तिघांना बसवायचात. गाडी जागची हलत नसे. आत मिरच्यांचा वास इतका, की पोरं शिंकायची. तुम्ही पदर खोचून दारात उभ्या राहायचात, कंडक्टरसारख्या, आणि शिट्टी येत नसल्यामुळं तोंडानंच "टिंग टिंग" करायचात.

"चला, बोईसर गेलं. हे बघा उमरोळी. आजीला टाटा करा."

"आई, आजीकडं उतरू या ना!"

"माहेरी उतरले तर नाशिक बघितलंच मग. बसा खाली. पालघर आलं. काकांची शाळा बघा. काका वर्गात झोपलेत."

मी ओटीवरून ओरडायचो, "वहिनी, मी इथं आहे!"

"हे बघा, झोपेत बडबडतायत."

मनोरपर्यंतचा रस्ता तुम्ही पाहिलेला होता. त्यापुढचा माझ्याकडून नावं विचारून घेतलीत आणि बाकीचं तुम्ही घातलंत. विक्रमगडच्या पुढं धुकं. जव्हारच्या घाटात रस्त्यावर आलेलं पाणी. जव्हार गेलं की वळणावर एक मोठा वड, त्याच्या पारंब्या अशा लांब की गाडीतून हात काढला की धरता येतात. बाळू खरोखर खिडकीतून हात काढायचा. मंदा, तेव्हा आठ वर्षांची, शहाणी, त्याचा सदरा मागून धरून ठेवायची.

खाण्याचा प्रश्न तर तुम्ही न्यायाधीशासारखा सोडवलात. तांदळाच्या भाकऱ्या ठरल्या. बरोबर सुकटीची चटणी घ्यायची का? दादा म्हणाला, देवाच्या वाटेवर सुकट न्यायची नाही. तुम्ही विचारलंत, "देव कुठून सुरू होतो?" मग तुम्हीच निकाल दिलात, "जव्हारपर्यंत सुकट. जव्हारच्या पुढं लोणचं."

आणि आपण निघालो. अख्खं घर. दाराला कुलूप लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. कुलूपही शेजाऱ्यांकडून आणलेलं होतं. तुम्ही पुढं दादाच्या शेजारी, बाळू मांडीवर. मागं मंदा, दिलीप, मी आणि भाकऱ्यांचं फडकं. उमरोळी आली तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत पण "थांबवा" म्हणाला नाहीत. पालघर मागं पडलं. वाघोबाच्या खिंडीत दादानं रीतीप्रमाणे गाडी उभी केली, नारळ फोडला. दिलीप एकदाही ओकला नव्हता. "तालमीचा गुण," तुम्ही म्हणालात आणि भाकऱ्या सोडल्यात.

आपण खात असतानाच डोंगरामागून ते वर आले. परतीच्या पावसाचे ढग, बुडाशी काळे. एकदा लांबून गडगडलं. दादानं घास हातात तसाच धरला. तो ढगांकडं बघत होता, मग त्यानं तुमच्याकडं बघितलं. शेतात भात कापून पसरलेलं होतं. भिजलं असतं तर जागच्या जागी मोड आले असते. वर्षाचं खाणं होतं ते.

तुम्ही फडकं बांधलंत. "चला," म्हणालात.

मी मधे पडलो. "वहिनी, थोडं थांबून बघू. ढग सरकतील."

"मास्तर, पुस्तकातले ढग थांबून बघायचे असतात. शेतावरचे नाय."

परतताना पोरं झोपली. घरी पोचल्यावर त्यांना गाडीतच निजू दिलंत आणि आपण तिघं शेतात पळालो. अंधार पडेपर्यंत पेंढ्या बांधल्या, वाहून आणल्या, पडवीत रचल्या. आणि वहिनी, एक थेंब पडला नाही. ढग समुद्राकडं गेले आणि वर चांदण्या निघाल्या. दादा रचलेल्या पेंढ्यांना टेकून खाली मान घालून बसला. तुम्ही वर बघितलंत आणि हसायला लागलात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मला वाटलं, हसताय. अजूनही मी तसंच समजतो.

सकाळी बाळू उठला आणि पहिलं विचारलं, "नाशिक आलं?"

तुमच्या केसांत अजून भाताचं पान अडकलेलं होतं. तुम्ही त्याला न्हाणीकडं नेत म्हणालात, "आलं होतं. गेलं पण. तुमी झोपलेलात. नदीनं विचारलं, हा कोण झोपलाय? मी सांगितलं, हा बाळू."

त्या दिवशी आपला जो वाद सुरू झाला तो संपला नाही. मी तेव्हा नवा मास्तर, मुलांच्या वह्या तपासणारा. मी म्हटलं, वहिनी, मुलांना खोटं सांगू नये. तुम्ही शांतपणे चूल फुंकत म्हणालात, "खोटं कुठं? जायचंच हाय कधीतरी. आगाऊ सांगितलं एवढंच."

पुढच्या वर्षी दादाची कंबर धरली. त्याच्या पुढच्या वर्षी विहिरीचं पाणी खारं झालं. मग मॅटॅडोर विकली. पोरं शाळेत वरच्या वर्गात गेली, सुट्टीत शिकवण्या आल्या. दर ऑक्टोबरात तुम्ही एकदा आकाशाकडं बघायचात आणि कामाला लागायचात. मधल्या काळात मला निवडणुकीच्या कामावर जव्हारला पाठवलं. परत आल्यावर मी उत्साहानं सांगायला बसलो. म्हटलं, वहिनी, जव्हारच्या पुढं वळणावर वड नाही. मी मुद्दाम पाहिलं. तिथं मोकळा माळ आहे आणि रस्त्याखालची एक मोरी.

तुम्ही क्षणभरही विचार केला नाहीत. "तुमच्या जव्हारात नसेल. आमच्या जव्हारात हाय."

नंतर शाळेच्या सहलीबरोबर मी त्र्यंबकला गेलो. पायऱ्या चढून वर गेलो आणि जिथं गोदावरी सुरू होते ती जागा पाहिली. संध्याकाळी घरी आलो तो थेट तुमच्याकडं. इतक्या वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. तुम्ही केळीची पानं पुसत होतात. मी तोंड उघडलं आणि तुम्ही हात वर केलात.

"सांगू नका."

"अहो पण..."

"सांगू नका भावजी. मी जाईन तेवा बघेन."

मी म्हटलं, मग चला उद्याच, एस.टी.नं एका दिवसात जाऊन येऊ, मी नेतो. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं मी वर्गातल्या ढ मुलाकडं बघतो. "मला नदी बघायची नाय, मास्तर. नदी बघताना पोरांचं तोंड बघायचंय."

पण पोरं तोवर मोठी झाली होती. दिलीपला मिशा फुटल्या होत्या. ते तुमच्याही लक्षात आलं असणार, कारण त्यानंतर तुम्ही सहलीचं नाव काढलं नाहीत. मंदाला मुलगी झाली, ती चालायला, बोलायला, प्रश्न विचारायला लागली, आणि गणपतीत मोदक वळताना तुम्ही पुन्हा तोंड उघडलंत. मी समोर बसलो होतो. तुम्ही मला डोळ्यांनी विचारलंत, आठवतंय ना? मी मान हलवली. एवढंच आपलं शेवटचं बोलणं झालं त्याबद्दल. मला तुमचे आभार मानायचे होते. ओटीबद्दल, मिरच्यांबद्दल, तुमच्या मोकळ्या कानांबद्दल. कधी मानले नाहीत. तुम्ही थट्टा केली असतीत, या भीतीनं राहून गेलं.

आता बाराव्याच्या दिवसाचं सांगतो.

जेवणं झाली, पाहुणे ओटीवर बसले होते. दिलीप त्याच्या बायकोला सांगत होता, आईनं आम्हाला लहानपणी मॅटॅडोरमधून नाशिकला नेलं होतं. धुक्यात माकड होतं. घाटात रस्त्यावर पाणी होतं. वळणावर वड होता. बाळू म्हणाला, "मी पारंबी धरलेली. हाताला चीक लागलेला." एवढा मोठा माणूस, कारखान्यात पाळ्या करणारा, तळहात पुढं करून दाखवत होता. दिलीप मला म्हणाला, "काका, तुम्ही होतात ना? सांगा ना हिला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दादासुद्धा. सतरा वर्षं मी वर्गात चूक दिसली की खडू उचलत आलोय. मी म्हटलं, "होतो. मागं बसलो होतो. भाकऱ्या माझ्या मांडीवर होत्या."

यात खोटं काही नाही, हे तुमच्या लक्षात येईल.

नंतर मी विहिरीवर हात धुवायला गेलो तर मंदा मागून आली. म्हणाली, "काका, मला ठाऊक आहे."

"काय?"

"आपण खिंडीतून परत आलो ते. मी झोपले नव्हते. डोळे मिटून पडले होते. तुम्ही सगळे शेतात गेलात, तेव्हा मी काचेतून बघत होते. आई डोक्यावर पेंढ्या घेऊन धावत होती."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर आईला कळलं असतं ना, की मला कळलंय." मग ती म्हणाली, "दोघं विचारायची ना मला, ताई, जव्हारच्या पुढं काय होतं, तेव्हा मीच सांगायचे. ते धुक्यातलं माकड माझं आहे. आईनं एकदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगताना तिनंही माकड घातलं."

तुम्हाला ठाऊक होतं तर. तुम्हा दोघींनाही. आणि मी एवढी वर्षं एकट्यानंच वाद घालत होतो.

मग मंदानं ओटीवर येऊन सगळ्यांसमोर विचारलं, "ऑक्टोबरात जायचं ना?"

पोरांच्या थोरल्या आत्या तुमच्या फोटोसमोर वात सारत होत्या, त्या वळल्या. "अगं, वरीस व्हायचंय. घरात सण नाय, गोडधोड नाय, आणि तुमी फिरायला निघणार? लोक काय म्हंतील?"

"आत्या, हा सण नाही."

"मग काय हाय? पुढच्या वर्साला जा. नदी काय पळून जाते?"

"नदी नाही जात. चिऊ जाते. पुढच्या वर्षी ती शाळेत जाईल, मोठी होईल. आईनं अशीच आम्हाला मोठं होताना पाहिलं."

दिलीप म्हणाला, आत्या म्हणतात ते बरोबर आहे, लोकं नावं ठेवतील. बाळू म्हणाला, जाऊन आलोय की आपण एकदा, एवढी घाई कशाला. मंदाचा चेहरा मी पाहिला. तिनं एका शब्दात सांगितलं असतं तर वाद तिथंच संपला असता. ती नाही बोलली. मीही नाही. तुमची गोष्ट मोडून तुमची सहल करायची नव्हती कुणाला.

तेव्हा दादा बोलला. तुम्ही गेल्यापासून तो कामापुरतंच बोलतोय, तुम्हाला आवडलं नसतं.

"त्या खिंडीत," तो म्हणाला, "मी ढगांकडं बघितलं आणि मग तिच्या तोंडाकडं बघितलं. मी बघितलं म्हणून ती 'चला' म्हणाली. नसतं बघितलं तर नसती म्हणाली. भात काय, भिजलं असतं तर भिजलं असतं. तिला विचारायला नको होतं मी. नुसती गाडी पुढं काढायला पायजे होती."

दिलीपला आणि बाळूला काही कळलं नाही. बाप दुःखानं सुचेल तसं बोलतोय, असं ते समजले. आत्यांना कळलं की नाही, ठाऊक नाही, पण त्या पुन्हा वात सारायला लागल्या.

"जीप सांगून ठेव," दादा दिलीपला म्हणाला. "शेतात भात असू दे, नायतर नसू दे. मी मागं बसणार, चिऊच्या बाजूला. पुढची काच मला नको. ढगांचं काय ते मास्तर बघतील."

तर वहिनी, सहल ठरली. जव्हारपर्यंत सुकट घ्यायची नाही, कारण वरीस चालू आहे. आत्यांचं तेवढं ऐकायचं असं मंदानं ठरवलंय. जव्हार गेलं की वळणावर, त्या मोकळ्या माळावर, मोरीपाशी गाडी थांबवायची, हेही तिनं ड्रायव्हरला आधीच सांगायचं ठरवलंय. मी विचारलं, तिथं कशाला? ती म्हणाली, "वड बघायला."

काल संध्याकाळी चिऊ ओटीवर आली. मी वह्या तपासत होतो. तुमच्या पाटावर बसली, अगदी मांडी घालून, आणि विचारलं, "आजोबा, नदी लहान असते तेव्हा केवढी असते?"

कुणी शिकवलं तिला, तुम्ही की मंदानं, मी विचारलं नाही. उत्तर माझ्या ओठांवर होतं. एवढ्या वर्षांत ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "सांगणार नाही. तू जाशील तेव्हा बघ."

ती रुसली नाही. उठून अंगणात गेली आणि दादाला हाताला धरून ओढायला लागली. दादा उठला. जिथं मॅटॅडोर उभी असायची तिथं त्यानं एक बाकडं ओढून आणलं आणि दोघं त्याच्यावर तोंड पूर्वेकडं करून बसले. मग दादानं, वहिनी, माझ्या दादानं, ज्याला मी आयुष्यात कधी गाताना ऐकलं नाही, दोन्ही बाजूंना बघून घेतलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि हळूच म्हणाला, "टिंग टिंग."